याला हात लावू नये

फ्रीलान्स सॉफ्टवेअर इंजिनिअरची प्रोफाइल उघडली की डोळे दिपतात. रिॲक्ट, नोड, डॉकर, कुबरनेटिस, मायक्रोसर्व्हिसेस, तीन कंपन्यांचे क्लाउड, आणि प्रत्येकापुढे पाचपैकी पाच तारे. तारे ज्याचे त्यानेच दिलेले असतात, त्यामुळे कमी पडत नाहीत. सगळ्यात खाली, फोन नंबरच्या जरा वर, एक ओळ असते : 'लेगसी कोड मॉडर्नायझेशन'. म्हणजे जुना कोड नवा करून मिळेल. कसा, ते लिहिलेलं नसतं. 'दुसऱ्याने वीस वर्षांपूर्वी घाईत लिहिलेलं, त्याला शिव्या न घालता शेवटपर्यंत वाचू शकतो' असं कौशल्य भरायला त्या फॉर्मात रकानाच नाही.

आता हा लेगसी कोड म्हणायचा कशाला? मायकेल फेदर्स यांनी २००४ सालच्या आपल्या पुस्तकात सोपी व्याख्या केली : ज्याला टेस्ट नाहीत तो लेगसी. या हिशेबाने बाणेरच्या एखाद्या स्टार्टअपने गेल्या शुक्रवारी संध्याकाळी साडेसातला घाईघाईत चढवलेला कोड जन्मतःच म्हातारा. माझी व्याख्या जरा उद्धट आहे. जो पैसे मिळवून देतो तो लेगसी कोड. जो पुढेमागे मिळवून देणार आहे, तो रोडमॅप.

आपल्याकडच्या पतसंस्था, अडत दुकानं, छापखाने यांचे हिशेब एके काळी फॉक्सप्रोवर चालायचे. काहींचे अजून चालतात, फक्त ते चारचौघांत बोलत नाहीत. मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल फॉक्सप्रोची नववी आवृत्ती २००४ मध्ये काढली, पुढची येणार नाही असं २००७ मध्ये सांगून टाकलं आणि २०१५ च्या जानेवारीत उरलासुरला आधारही काढून घेतला. हे पतसंस्थेच्या संगणकाला कोणी कळवलंच नाही. तो आपला दर ३१ मार्चला व्याज काढतोय, डॉट मॅट्रिक्स किंचाळतोय आणि ताळेबंद जुळतोय. फक्त आतमध्ये काय चाललंय ते कोणाला माहीत नाही. ज्याने लिहिलं तो हुशार मुलगा वायटूकेच्या लाटेत न्यू जर्सीला गेला.

वायटूके आठवतं ना? साठवणुकीची जागा महाग होती त्या काळात वर्षाचे चार आकडे लिहिणं म्हणजे उधळपट्टी. १९ कापले, दोनच आकडे ठेवले. शतक बदलायची वेळ आली तेव्हा साऱ्या जगाला घाम फुटला आणि तो पुसायला आपली मुलं विमानात बसली. पुण्या-मुंबईच्या कितीतरी घरांचा पहिला डॉलर हा दुसऱ्याने वाचवलेल्या दोन आकड्यांचा आहे.

पुढची गंमत बघा. एप्रिल २०२० मध्ये, कोविडच्या ऐन भरात, त्याच न्यू जर्सीचे गव्हर्नर फिल मर्फी पत्रकार परिषदेत कोबॉल येणारी माणसं मागत होते. बेकारभत्त्याच्या अर्जांचा लोंढा आला होता आणि तो झेलणारी यंत्रणा होती चाळीस वर्षांहून जुनी. कोबॉल ही १९५९ साली आखायला घेतलेली भाषा. वायटूकेच्या वेळी आपली मुलं तिच्याच खांद्यावर बसून अमेरिकेत पोचली आणि पोचल्यावर पहिलं काम कुठलं केलं असेल, तर बायोडेटातून तिचं नाव खोडलं. आता गव्हर्नर बोलावत होते, तेही स्वयंसेवक म्हणून. दुर्मीळ कौशल्याला जग किती मान देतं, याचा एवढा नेमका दर दुसरीकडे कुठे छापून आलेला नाही.

तर असा जुना कोड पहिल्यांदा उघडल्यावर फ्रीलान्सरच्या तोंडून काय निघतं ते ठरलेलं आहे : ''हे सगळं टाकून नव्याने लिहू.''

हे वाक्य ऐकलं की मला सोसायटीच्या पुनर्विकासाची सभा दिसू लागते. बिल्डर पडद्यावर संगमरवरी लॉबी दाखवतोय. वाढीव कार्पेट, दोन लिफ्ट, छत्तीस महिने. मागच्या रांगेतले एक काका उठून विचारतात, ''आपल्याकडे पाणी त्या मागच्या बोळातल्या जुन्या लाइनने येतं, तिचं काय?'' काकांना सगळे मिळून खाली बसवतात. मग इमारत पडते, मंडळी भाड्याच्या घरात जातात, छत्तीस महिन्यांचे बहात्तर होतात आणि एके दिवशी कोणीतरी विचारतं, ''ते काका कुठे असतात हो हल्ली?'' जुन्या कोडमध्येही असे काका असतात. त्यांचं बोलणं कमेंटमध्ये लिहिलेलं असतं : 'याला हात लावू नये. काम बंद पडेल.'

नेटस्केपने हात लावला. ब्राउझर मुळापासून लिहायला घेतला. चौथ्या आवृत्तीनंतर पाचवी आलीच नाही, एकदम सहावी आली, ती २००० च्या नोव्हेंबरात. तोवर इंटरनेट एक्सप्लोररने मैदान मारलं होतं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये जोएल स्पोल्स्की यांनी एक लेख लिहून बजावलं होतं की चालता कोड टाकून पहिल्यापासून लिहिण्याइतकी घातक चूक नाही. ज्या ओळी विद्रूप दिसतात त्या म्हणजे वर्षानुवर्षं सापडलेल्या दोषांवरची औषधं आहेत. तो लेख धंद्यातल्या सगळ्यांनी वाचलाय. वाचून सगळ्यांनी आपापला प्रकल्प त्याला अपवाद ठरवलाय.

ब्रिटनच्या टीएसबी बँकेचंच घ्या. तिचा कारभार आधीची मालक लॉइड्सच्या यंत्रणेवर चालायचा. नव्या मालकाने, स्पेनच्या साबादेलने, आपली नवी यंत्रणा उभी केली आणि २०१८ च्या एप्रिलमध्ये एका शनिवार-रविवारात ५२ लाख ग्राहकांचं बिऱ्हाड हलवलं. सोमवारी लोकांना स्वतःचं खातं उघडेना. काहींना उघडलं, पण ते दुसऱ्याचं होतं. सुमारे १९ लाख ग्राहक कुलपाबाहेर. घडी पूर्ववत बसायला डिसेंबर उजाडला, मुख्याधिकाऱ्यांना सप्टेंबरातच जावं लागलं आणि २०२२ मध्ये नियामकांनी ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड ठोकला. एवढ्या पैशांत 'हात लावू नये' ही कमेंट सोन्याच्या अक्षरांत कोरता आली असती.

मग हात लावूच नये का? जुनं ते सोनं म्हणून मखरात बसवावं? तेही चालत नाही. नाइट कॅपिटल ही वॉल स्ट्रीटवर शेअरचे सौदे करणारी कंपनी. तिच्या यंत्रणेत 'पॉवर पेग' नावाचा एक जुना कोड होता, २००३ पासून न वापरलेला, पण काढलेलाही नाही. असू दे, कुठे त्रास देतोय! १ ऑगस्ट २०१२ च्या सौद्यांसाठी त्यांनी नवा कोड बसवला आणि तो चालू करायला जुन्या पॉवर पेगचंच बटण वापरलं. सर्व्हर होते आठ. सातांवर नवा कोड चढला, आठव्यावर चढवायचा राहिला. बाजार उघडल्यावर आठव्या सर्व्हरवरचा मुडदा उठून बसला आणि शेअर घेत-विकत सुटला. चूक शोधायच्या गडबडीत कंपनीने उरलेल्या सातांवरूनही नवा कोड काढला, म्हणजे तिथलेही मुडदे उठले. पाऊण तासात ४४ कोटी डॉलर गेले. बाजार उघडण्याआधी यंत्रणेने स्वतःहून पॉवर पेगचं नाव घालून ९७ ईमेल पाठवले होते. ते कोणी पाहिले नाहीत. यंत्रणेने पाठवलेले ईमेल कोण पाहतं?

थोडक्यात, टाकलं तरी पंचाईत, ठेवलं तरी पंचाईत. फ्रीलान्सरचं पोट या दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या जागेत आहे. आणि तिथे कुबरनेटिसचे पाच तारे उपयोगी पडत नाहीत.

समजा, मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानाचं जुनं सॉफ्टवेअर आहे. आत एक ओळ सापडते : ग्राहक क्रमांक ११७ असेल तर हमाली शून्य धरावी. शेजारी शेरा, 'साहेबांनी सांगितले'. कुठल्या साहेबांनी, कधी, कशासाठी, काही नाही. नवखा इंजिनिअर हसतो आणि ओळ पुसतो. अनुभवी फ्रीलान्सर लॅपटॉप मिटतो आणि हिशेब लिहिणाऱ्या काकूंच्या टेबलापाशी चहा घेऊन जातो.

''काकू, हे एकशे सतरा कोण हो?''

''ते होय! ते स्वतःचे हमाल आणायचे रे. म्हणून लावत नव्हतो.''

''आणायचे म्हणजे?''

''वारले की ते. आता मुलगा बघतो. तो नाही आणत.''

''मग आता हमाली लावायची ना?''

''ते शेठना विचार. आणि मी सांगितलं म्हणून सांगू नकोस.''

या चार वाक्यांच्या चहाला इंग्रजीत 'रिक्वायरमेंट गॅदरिंग' म्हणतात आणि त्याचे तासाला पंचवीस डॉलर लावता येतात. इकडे शेठ म्हणतात, चहा आमचाच, दूध आमचंच, पैसे कसले मागतोस?

यातली खरी मेख अशी की, ११७ ची ओळ चूक आहे की बरोबर, हे ठरवायचा अधिकार फ्रीलान्सरला नाही. म्हणून या कामात पहिल्यांदा कोडने काय करायला हवं होतं ते बाजूला ठेवायचं आणि तो प्रत्यक्षात काय करतो ते टिपून काढायचं, दोषांसकट. फेदर्स याला 'कॅरॅक्टरायझेशन टेस्ट' म्हणतात. गेल्या वर्षभराची बिलं जुन्या आणि नव्या दोन्ही कोडमधून काढायची आणि पैशापैशाला ताळा लावायचा. जुना पन्नास पैसे चुकत असेल तर नव्यानेही पन्नास पैसेच चुकायचं, शेठ सही करेपर्यंत. स्वतःच्या अक्कलहुशारीने बरोबर उत्तर काढणाऱ्याला इथे नापास करतात. इंजिनिअरिंग कॉलेजात चार वर्षं घालवलेल्या माणसाला हे पचायला जड जातं.

मराठी माहितीचं तर वेगळंच पुराण आहे. युनिकोड घरोघरी पोचण्याआधी आपण श्रीलिपी, सीडॅकचं आयएसएम असल्या साधनांवर टायपलं. पडद्यावर 'देशपांडे' दिसायचं, पण आत साठलेली असायची रोमन अक्षरांची आणि चिन्हांची भेळ. फॉन्ट काढून घेतला की देशपांडे गायब, उरतात डॉलर, कंस आणि टिंबं. अशी वीस-पंचवीस वर्षांची सभासद यादी युनिकोडमध्ये आणायची तर प्रत्येक फॉन्टचा तक्ता निराळा, वेलांटीची जागा निराळी, रफार अक्षराआधी की नंतर याचं उत्तर निराळं. आणि कन्व्हर्टर शेवटी गळपटतो तो आपल्या 'ऱ्हा'पाशी. सभासद कुऱ्हाडे यांचं कुर्हाडे होतं. बरं, ते हाताने दुरुस्त केलं तरी संपत नाही. हा आडवा अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला दोन वेगळी माणसं. मग कुऱ्हाडे यांचं भागभांडवल एका कुऱ्हाडेंकडे आणि कर्ज दुसऱ्या कुऱ्हाडेंकडे. कर्जवाले कुऱ्हाडे शोधून सापडत नाहीत, आणि यात कुऱ्हाडे यांची काही तक्रार नसते. हे काम कुठल्या प्रोफाइलमध्ये 'स्किल' म्हणून लिहिलेलं तुम्ही पाहिलंय? मी नाही पाहिलं. जी मोजकी माणसं हे करतात, त्यांचा नंबर पतसंस्थेचे सचिव एकमेकांना कानात सांगतात.

हात न लावता हात कसा लावायचा, याचा एक जाणता मार्ग मार्टिन फाउलर यांनी २००४ मध्ये सांगितला. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या वर्षावनात त्यांनी दुसऱ्या झाडाच्या माथ्यावर रुजणारे, खाली मुळं सोडत त्याला वेढत जाणारे आणि शेवटी त्याच्याच जागी उभे राहणारे वृक्ष पाहिले आणि त्यावरून पद्धतीला 'स्ट्रँगलर फिग' नाव दिलं. कसबा पेठेतल्या एखाद्या वाड्याच्या भिंतीत रुजलेला पिंपळ बघितला असता तर विमानाचं तिकीट वाचलं असतं. पद्धत साधी : जुन्यासमोर एक पातळ पडदा उभा करा. त्याच्याआडून आधी एक रिपोर्ट नव्याकडे वळवा, महिनाभर ताळा बघा, मग दुसरा. पासबुक छपाई, मग ठेवी, मग व्याज. जुना कोड एकेक खोली रिकामी करत जातो आणि एके दिवशी त्याच्याकडे कोणी जातच नाही. या पद्धतीत एकच मोठा दोष आहे. तिचं उद्घाटन करता येत नाही. फीत कापायला दिवस नाही, श्रीफळ नाही, अध्यक्षांचा फोटो नाही. म्हणून ती मंजूर होत नाही.

जिथे फीत कापायची सोयच नव्हती तिथे काम कसं झालं, तेही बघा. व्हॉयेजर-१ हे १९७७ साली सोडलेलं यान नोव्हेंबर २०२३ पासून निरर्थक बडबड करू लागलं. आतल्या संगणकाच्या मेमरीतली एक चिप गेली होती आणि तिच्यातला कोड वापरता येत नव्हता. यान २४ अब्ज किलोमीटरवर. एक आज्ञा पोचायला साडेबावीस तास, उत्तर यायला तितकेच. नासाच्या माणसांनी जुने कागद धुंडाळले, त्या कोडचे तुकडे पाडले, मेमरीत जिथे फट सापडली तिथे ते बसवले आणि ज्या ज्या ओळी त्या कोडला बोलावत होत्या त्यांचे पत्ते बदलले. एप्रिल २०२४ मध्ये यान पुन्हा शुद्धीवर आलं. त्या खोलीत 'सगळं टाकून नव्याने लिहू' असं कोणी म्हणालं नसेल, कारण टाकायला जागा नव्हती. ग्राहक २४ अब्ज किलोमीटर लांब असला की इंजिनिअर नीट वाचतो, असा निष्कर्ष काढायला हरकत नाही.

आता म्हणाल, हे सगळं एआय करेल. करतंय की. कोबॉल ओतायचा, जावा काढायचा, अशी यंत्रं निघाली आहेत, आयबीएमने २०२३ मध्ये आपलंही जाहीर केलं. शंभर पानांचा कोड काय करतो ते दोन मिनिटांत सांगणारा मदतनीस मिळाला तर कोणाला नको आहे? पण त्यातून निघणाऱ्या जावाला धंद्यात आधीपासून एक नाव आहे : 'जोबोल'. लिपी जावाची, हाडं कोबॉलची. आणि ११७ ची हमाली का शून्य, हे एआयला विचारलं तर तो आत्मविश्वासाने सांगेल की ही प्राधान्य ग्राहकांसाठीची सवलत योजना असावी. काकूंसोबत त्याने चहा घेतलेला नाही.

उरला पैशाचा प्रश्न, आणि तोच खरा गमतीचा आहे. नवा कोड लिहिणारा स्क्रीन दाखवतो. जुना सांभाळून बदलणाऱ्याने सहा महिने खपून काय दाखवायचं? काल जसं चालत होतं तसंच आज चालतंय. शेठ विचारतात, ''मग तू केलंस काय?'' वर, गोपनीयतेच्या करारामुळे हे काम पुढच्या ग्राहकाला दाखवताही येत नाही. ओळींवर पैसे मागावेत तर आणखी पंचाईत. १९८२ साली ॲपलमध्ये साहेब लोक दर आठवड्याला प्रत्येकाने किती ओळी लिहिल्या याचा तक्ता भरून घ्यायला लागले. बिल ॲटकिन्सन यांनी त्या आठवड्यात कोड आटोपशीर केला होता, तो आधीपेक्षा वेगवान झाला होता. त्यांनी तक्त्यात लिहिलं : उणे २०००. पुढे काही आठवड्यांनी त्यांच्याकडून तक्ता मागणं बंद झालं. फ्रीलान्सरने असं बिल लावलं तर शेठ उलट त्याच्याकडूनच वसुली करतील.

आणि तरीही धंदा बुडणार नाही, याची सोय आधीच झालेली आहे. ३२ बिटांत सेकंद मोजणाऱ्या जुन्या यंत्रणांचा आकडा १९ जानेवारी २०३८ रोजी भरतो आणि त्यांचं घड्याळ थेट १३ डिसेंबर १९०१ वर जातं. भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटांनी, वार मंगळवार, म्हणजे हापिसं उघडायच्या आत. फ्रीलान्सर मंडळींनी त्या आठवड्यात कोणाच्या लग्नाची तारीख घेऊ नये. ज्यांना तेव्हा माणूस लागणार आहे त्यांनी ॲडव्हान्स आत्ताच द्यावा. जीएसटी वेगळा पडेल.